मधल्या फळीतील खेळाडू

श्रोतेहो, आज मी आपणांपुढे एका फुटबॉलपटूची कारकीर्द मांडणार आहे. हा खेळाडू गोल करण्याबद्दल प्रसिद्ध नव्हता आणि गोल अडविणे हेही त्याचे काम नव्हते. या दोन कामांच्या मध्ये जो रुंद मोकळा पट्टा पडतो त्यात तो आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे धावला. त्याचे नाव फोर्तुनातो फ्रँको. गोव्यातील बार्देश महालात कोलवाळ म्हणून गाव आहे, तेथे १९३७ साली त्यांचा जन्म झाला. मुंबईत ते वाढले, टाटांच्या संघाकडून खेळले, आणि १९६२ साली जकार्ता येथे भरलेल्या आशियाई क्रीडासामन्यांत ज्या अकरा भारतीयांनी अंतिम सामना जिंकून सुवर्णपदक मिळविले त्यांत ते होते. भारताला फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्णपदक त्यानंतर आजतागायत मिळालेले नाही. असे असूनही त्या अकरांची नावे सांगा म्हटले तर जाणकार मनुष्यही चुनी गोस्वामी, प्रदीपकुमार बॅनर्जी, जर्नेलसिंग, तुळशीदास बलराम येथपर्यंत झरझर येतो आणि मग अडखळतो. तो अडखळतो त्या जागी फ्रँको उभे आहेत.

हा विषय जुन्नर-आंबेगावकडच्या एका निवृत्त शिक्षकाने का घ्यावा, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो वावगा म्हणता येणार नाही. आमचा मुलूख फुटबॉलचा नव्हे. आमच्या जत्रांतून कुस्त्यांचे फड होतात, शाळांच्या अंगणांत हुतुतू घुमतो, आणि चैत्र-वैशाखात घाटात बैलगाडे सुटले म्हणजे घोडेगाव-मंचरपासून नारायणगाव-ओतूरपर्यंत माणूस घरी सापडत नाही. पण या बैलगाड्यानेच मला मधल्या फळीचे मर्म प्रथम समजाविले. आमच्याकडच्या गाड्याला चार बैल असतात. पुढची जोडी जुकाटाची आणि मागची धुरीची. घाटाच्या वरच्या अंगाला उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाला दिसते ती पुढची जोडी; भंडारा उधळला जातो तो तिच्यावर. गाड्याचा भार मात्र धुरीच्या बैलांच्या मानेवर असतो. धुरीचा बैल कच खाऊ लागला तर पुढे कितीही वाऱ्यासारखी जोडी जुंपा, बारी बसत नाही. जाणता गाडामालक धुरीच्या बैलाला डोळ्यांत तेल घालून जपतो, आणि त्याचे नाव मात्र पुष्कळदा गावाबाहेर कोणाला ठाऊक नसते.

शाळेत मी मुलांना चेंडू देऊन मैदानात सोडीत असे, तेव्हाही हेच पाहावयास मिळे. चेंडू जिकडे तिकडे वीस मुलांचा घोळका. प्रत्येकाला गोल मारावयाचा असे. गोलात कोणीतरी रडतकुढत उभा राही. मध्ये उभे राहावयास कोणीच राजी नसे, कारण मध्ये उभे राहून करावयाचे काय, हेच कोणाला उमगत नसे. हे न उमगणे केवळ आंबेगावच्या पोरांपुरते नाही. फुटबॉलचा जो इतिहास आपल्याकडे लिहिला गेला आहे तोही बहुतांशी गोलांची मोजदाद आहे.

आता ही मधली जागा म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. पूर्वी संघ उभा करण्याची रूढ रीत अशी होती की गोलरक्षकापुढे दोन बचावाचे, त्यांच्यापुढे तीन हाफबॅक आणि अगदी पुढे पाच हल्लेखोर. या तिघा हाफबॅकांतील मधला गडी हा साऱ्या संघाचा कणा समजला जाई. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. हल्लेखोर आणि प्रतिपक्षाची गोलरेषा यांच्या दरम्यान पूर्वी तीन विरोधी खेळाडू असावे लागत, ते आता दोन पुरेसे झाले. त्याबरोबर गोलांचा पाऊस पडू लागला आणि मधल्या हाफबॅकला मागे ओढून बचावात उभे करणे भाग पडले. पुढे १९५३ च्या नोव्हेंबरात हंगेरीच्या संघाने इंग्लंडला त्यांच्याच वेम्ब्ली मैदानावर ६–३ असे हरविले, ते आपला मुख्य आघाडीवीर हिदेगकुटी याला मागे, मधल्या जागेत, आणून. १९५८ साली ब्राझीलने विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांच्या रचनेत चार बचावाला, चार हल्ल्याला आणि मध्ये अवघे दोन खेळाडू होते. त्या दोघांपैकी दिदी हा त्या स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. सतरा वर्षांचा पेले त्याच संघात होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या निवडीचे महत्त्व कळते.

मध्ये दोघेच असले की त्यांना किती धावावे लागत असेल याचा विचार करा. प्रतिपक्ष चाल करून आला की या दोघांनी मागे येऊन बचावात सामील व्हावयाचे; चेंडू हाती लागला की त्याच क्षणी तोंड फिरवून पुढच्या चौघांना तो पोचवावयाचा, आणि पोचवून स्वस्थ न बसता त्यांच्या मागोमाग जावयाचे. आमच्या नारायणगावच्या तमाशात झीलकरी असतात. गाणे मुख्य गायिकेचे, हशा सोंगाड्याचा, दौलतजादा नाचणारीवर. पण झीलकऱ्याने सूर सोडला तर सगळा फड उघडा पडतो. मधल्या फळीतील खेळाडूचेही तसेच आहे.

आपल्या देशात या जागेचा मान एके काळी मोठा होता. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला स्वतंत्र भारताचा पहिला संघ गेला, त्याचे कर्णधार तालिमेरेन आओ हे नागा टेकड्यांतले, कलकत्त्यास वैद्यक शिकणारे आणि मोहन बागानकडून हाफबॅकच्या जागी खेळणारे गृहस्थ होते. ३१ जुलै रोजी फ्रान्सशी सामना झाला. आपले बहुतेक गडी अनवाणी खेळले. दोन पेनल्टी वाया गेल्या, रामन यांनी एक गोल केला, आणि अगदी शेवटी फ्रान्सने दुसरा गोल करून सामना २–१ असा नेला. आओ पुढे डॉक्टर झाले आणि आपल्या मुलखात रुग्णसेवेत रमले. खेळाने पोट भरावयाचे असते ही कल्पनाच त्या पिढीला नव्हती.

मुंबईत मात्र निराळा प्रकार रूढ होत होता, आणि फ्रँको यांची कारकीर्द समजून घेण्यास तो समजून घेतला पाहिजे. मुंबईचा फुटबॉल पलटणींनी आणला. १८९१ साली रोव्हर्स चषक सुरू झाला तेव्हा तो गोऱ्या पलटणींचा आपसांतला खेळ होता. १९२३ साली मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि डरहॅम पलटणीकडून हरला. तो चषक एका हिंदी संघाने, बंगलोर मुस्लिम्सने, प्रथम जिंकला तो १९३७ साली. पलटणी गेल्या आणि त्यांची जागा कचेऱ्यांनी घेतली. टाटा, कॅल्टेक्स, बर्मा-शेल, रेल्वे असे एकेक धनी आपापला संघ बाळगू लागले. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे, महिन्याचा पगार सुरू होई, आणि सायंकाळी कुपरेजच्या मैदानावर कंपनीच्या नावाने खेळावे लागे. हार्वूड लीगमधले सामने हे एका अर्थी कचेऱ्यांचे सामने असत.

या संघांतून गोवेकर तरुणांचा भरणा मोठा असे. धोबीतलावाच्या आसपास गोव्यातील गावागावांच्या ‘कुडी’ होत्या, म्हणजे त्या त्या गावच्या लोकांनी मुंबईत उतरण्यासाठी चालविलेली बिऱ्हाडे. बोटीवर खलाशी म्हणून जाणारा, हॉटेलात आचारी असणारा, बँडमध्ये व्हायोलिन वाजविणारा, असे सगळे तेथे उतरत. आणि समोरच्या मैदानांवर त्यांची मुले चेंडू खेळत. याच मुंबईकर गोवेकरांतला नेव्हिल डिसूझा. त्याने १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्याने तीन गोल केले आणि भारताने तो सामना ४–२ असा जिंकला. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. फ्रँको लहानपणीच मुंबईस आलेले. नेव्हिलचा पराक्रम झाला तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते.

पुढे ते टाटांच्या संघात आले. त्यांची जागा उजव्या हाफबॅकची. १९६० साली रोम येथे ऑलिंपिकसाठी जो भारतीय संघ गेला त्यात त्यांची निवड झाली. त्या संघाने हंगेरीशी १–२ अशी झुंज दिली, फ्रान्सला १–१ असे बरोबरीत रोखले आणि पेरूकडून १–३ असा पराभव पत्करला. येथे एक गोष्ट मला विशेष वाटते. १९६० साली कोलवाळ गाव पोर्तुगीज राज्यात होते. रोमला गेलेला हा तरुण ज्या देशाचा गणवेश घालून गेला त्या देशाचा ध्वज त्याच्या जन्मगावावर फडकत नव्हता. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी. जकार्ताचा सामना त्यानंतर नऊ महिन्यांनी झाला. या संबंधाने कोणी भाषण केले नाही, कविता रचली नाही, आणि फ्रँको यांच्या नावावर एखादा गाजलेला गोल नसल्यामुळे हा योग इतिहासकारांच्याही नजरेतून निसटला. मला तो लहान वाटत नाही.

आता ज्या मनुष्याने फ्रँको यांच्यासारख्या खेळाडूचे मोल ओळखले त्याच्याविषयी. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादेस शाळामास्तर होते. मास्तर असल्यामुळे मला त्यांचा अभिमान अंमळ अधिक वाटतो, हे श्रोत्यांनी सोसून घ्यावे. हैदराबाद सिटी पोलीसच्या संघाला त्यांनी शिकवून तयार केले, आणि त्या संघाने १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे मुंबईस येऊन रोव्हर्स चषक नेला. १९५० पासून भारताचा संघही त्यांच्याकडे आला. अलीकडे, २०२४ साली, त्यांच्या जीवनावर ‘मैदान’ हा हिंदी बोलपट निघाला, त्यामुळे त्यांचे नाव घरोघर झाले ही आनंदाची गोष्ट आहे. पण बोलपटाला भावना दाखवावयाच्या असतात. शिकविण्याची पद्धत दाखविणे त्याला कठीण जाते, आणि रहीम यांचे खरे कर्तृत्व पद्धतीत होते.

त्यांनी हैदराबादेत अशा स्पर्धा भरविल्या की ज्यांत चेंडू पायाशी खेळवीत एकट्याने पुढे नेण्यास मनाई होती. चेंडू आला की तो सोबत्याकडे द्यावयाचा. आणखी अशाही स्पर्धा भरविल्या की ज्यांत खेळाडूने आपला दुबळा पायच वापरावा. मुलाच्या अंगचा हट्ट मोडून त्याला दुसऱ्यासाठी खेळावयास लावणे हे काम किती अवघड आहे, हे ज्याने वर्ग चालविला आहे त्याला विचारा. या शिक्षणातून हल्लेखोर सुधारले हे खरेच. पण त्याहून मोठा लाभ असा झाला की हाफबॅकला काम मिळाले. जेथे चेंडू पायापायांतून फिरतो तेथे मध्ये उभा असलेला गडी हा साऱ्या वाहतुकीचा नाका होतो. १९५२ साली हेलसिंकीस युगोस्लाव्हियाने आपला १०–१ असा धुव्वा उडविला होता. त्यानंतर बूट सक्तीचे झाले आणि रहीम यांनी रचनाही बदलत नेली. मेलबर्नला नूर महंमद, केंपय्या यांच्यासारखे हाफबॅक त्यांच्या हाताशी होते. १९६२ पर्यंत संघ ब्राझीलच्या धर्तीवर, मध्ये दोघे ठेवून, खेळण्यास तयार झाला होता.

जकार्तास आपला संघ गेला तो आशेपेक्षा धास्तीच अधिक बाळगून. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २–० असे हरविले. दुसऱ्या सामन्यात थायलंडवर ४–१ असा विजय मिळाला, पण बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याचे डोके फुटले आणि टाके घालावे लागले. जपानवर २–० अशी मात करून संघ उपांत्य फेरीत आला.

त्या वेळी मैदानाबाहेर भलतेच वादळ उठले होते. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. आशियाई सामन्यांची कल्पना ज्यांनी मूळ मांडली त्या गुरुदत्त सोंधी यांनी यावर हरकत घेतली आणि असे असेल तर या सामन्यांना आशियाई हे नाव लावता येणार नाही असे सुचविले. सोंधी भारतीय, तेव्हा रोष भारतावर आला. जकार्तात भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. आपले खेळाडू मैदानात उतरले की प्रेक्षकांतून हुर्यो उठे. तत्त्वाच्या दृष्टीने सोंधी यांचे म्हणणे बरोबर होते असे माझे मत आहे. पण त्याची किंमत विशीतल्या मुलांनी मैदानावर मोजली.

उपांत्य सामना दक्षिण व्हिएतनामशी झाला. जर्नेलच्या डोक्याला पट्टी होती, बचावात उभे राहून सतत डोक्याने चेंडू परतविणे त्याला धोक्याचे होते. रहीम यांनी काय करावे? त्यांनी त्यालाच आघाडीवर धाडले. तरुणपणी तो आघाडीला खेळलेला होता, हे त्यांच्या ध्यानात होते. जर्नेलने एक गोल केला, चुनी गोस्वामीने दोन, आणि सामना ३–२ असा सुटला. पण बचावाचा खांब पुढे गेला म्हणजे मागे भगदाड पडणारच. ते बुजविण्याचा भार एक अरुण घोष यांच्यावर आणि दुसरा, जरा पुढे, दोघा हाफबॅकांवर येऊन पडला. या अदलाबदलीचे श्रेय रहीम यांच्या धाडसाला आणि जर्नेलच्या हिमतीला दिले जाते, ते योग्यच आहे. पण ज्यांच्या भरवशावर हे धाडस करता आले त्यांचा उल्लेखही व्हावयास हवा, एवढेच माझे म्हणणे.

४ सप्टेंबर १९६२. अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशीच, ज्यांनी दहा दिवसही झाले नव्हते तोच आपणांस हरविले होते. मैदानात सुमारे एक लाख प्रेक्षक, आणि जवळजवळ सगळे भारताच्या विरुद्ध. त्या गर्दीत पाकिस्तानचे हॉकीपटू मात्र भारताला ओरडून उत्तेजन देत होते, असे आपले खेळाडू पुढे अनेक वर्षे आवर्जून सांगत असत. हॉकीत त्यांनी नुकतेच आपणांस अंतिम सामन्यात हरविले होते, म्हणजे त्यांना हे औदार्य परवडण्यासारखे होते असे कोणी म्हणेल; तरी त्या दिवशी ते एकटे पडले असूनही ओरडले, हे विसरता येत नाही.

भारताचा संघ असा उतरला: गोलात तापातून नुकताच उठलेला पीटर थंगराज, बचावात चंद्रशेखर, अरुण घोष आणि त्रिलोकसिंग, मध्ये फ्रँको आणि प्रशांत सिन्हा, पुढे प्रदीपकुमार बॅनर्जी, युसूफ खान, जर्नेलसिंग, कर्णधार चुनी गोस्वामी आणि बलराम. सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमारने गोल केला. विसाव्या मिनिटाला जर्नेलने दुसरा केला. सामन्याच्या हकिगती येथवर तपशिलाने लिहितात आणि मग एकदम शेवटच्या पाच मिनिटांवर उडी घेतात, जेव्हा कोरियाने एक गोल फेडला आणि सामना २–१ असा संपला.

श्रोतेहो, या दोन टोकांच्या मध्ये एक तासाहून अधिक काळ गेला. त्या तासात काय झाले? कोरियाचा संघ वेगवान आणि दमदार म्हणून ख्यात होता. दोन गोलांनी मागे पडल्यावर तो लाटांमागून लाटा चालून येणार हे उघड होते. एक लाख लोकांचा गजर त्याच्या पाठीशी होता. जर्नेल पुढे असल्यामुळे आपला बचाव नेहमीचा नव्हता. थंगराज पूर्ण बरा नव्हता. आणि तरीही पंच्याऐंशीव्या मिनिटापर्यंत गोल झाला नाही. ज्या हकिगतीत केवळ गोल नोंदले जातात तिच्यात या तासाची नोंद कोरी राहते. पण सुवर्णपदक त्या कोऱ्या तासात जिंकले गेले. त्या तासाचे मानकरी मागचे चौघे आणि मधले दोघे. मैदान ओलांडून येणारी प्रत्येक लाट प्रथम आदळत होती ती फ्रँको आणि सिन्हा यांच्यावर.

रहीम यांना त्या वेळी फुफ्फुसाच्या कर्करोगाने पोखरले होते. ११ जून १९६३ रोजी, म्हणजे पदकानंतर नऊ महिन्यांत, ते वारले.

मग सन्मानांचे दिवस आले. सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केला होता तो १९६१ साली. फुटबॉलचा पहिला पुरस्कार त्या साली प्रदीपकुमारला मिळाला. १९६२ चा बलरामला, १९६३ चा चुनी गोस्वामीला, १९६४ चा जर्नेलसिंगला, १९६५ चा अरुण घोष यांना, १९६६ चा युसूफ खान यांना, १९६७ चा थंगराजला. ही सातही नावे जकार्ताच्या अंतिम सामन्यातील आहेत, आणि सातही जण त्या मानास सर्वथैव पात्र होते. यात कोणाचे उणे काढावयाचे नाही. पण अकरातून सात वजा केले म्हणजे चार उरतात. ते चार कोण, हे यादी लावून पाहावे. दोन कडेचे बचावपटू, चंद्रशेखर आणि त्रिलोकसिंग. आणि मधले दोघे, सिन्हा आणि फ्रँको. हल्ल्याचे पाचही जण आले, गोलरक्षक आला, बचावाच्या केंद्रातला आला, आणि मधली फळी सबंधच्या सबंध बाहेर राहिली. हे कोणी हेतुपुरस्सर केले असे मी म्हणत नाही. हेतू असता तर तो शोधून काढता आला असता. निवड करणाऱ्यांच्या नजरेलाच ती जागा दिसली नाही, आणि ही गोष्ट हेतूपेक्षा वाईट आहे.

महाराष्ट्रात मात्र ती चांगली वर्षे होती. १९६३–६४ च्या हंगामात महाराष्ट्राने मद्रास येथे संतोष करंडक जिंकला, चंद्रशेखर यांच्या नेतृत्वाखाली. ते जन्माने केरळातील इरिंजालकुडाचे, नोकरीने मुंबईच्या कॅल्टेक्सचे. फ्रँकोही त्या वर्षांत महाराष्ट्राकडून खेळत. पुढे ते गोव्यात परतले आणि साळगावकर क्लबाकडून खेळले.

या कारकिर्दीला व्यावसायिक म्हणावे काय, हा प्रश्न मला बराच काळ सतावीत आला आहे. ऑलिंपिकच्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे खेळाडू हौशी असला पाहिजे. तेव्हा कागदोपत्री फ्रँको हौशी. पण टाटांकडे जी नोकरी होती तिचे कारण पायातला खेळ हेच होते, हे कोणी लपविले नाही. मला वाटते हा एक तिसराच प्रकार होता आणि त्याला नाव मिळण्यापूर्वीच तो नाहीसा झाला. त्यात पैसा बेताचा, पण गुडघा दुखावला तरी चूल विझत नसे, कारण पाठीशी कचेरीतली खुर्ची असे. आपल्याकडच्या मध्यम स्थितीतील आईबापांनी पोराला खेळू दिले ते त्या खुर्चीकडे पाहून.

खरा धंदेवाईक खेळ आला तो १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाल्यावर. त्या काळातला मधल्या फळीचा उत्तम नमुना पुन्हा गोव्यानेच दिला. क्लायमॅक्स लॉरेन्स हे साळगावकर, कलकत्त्याचा ईस्ट बंगाल आणि मुख्यत्वे डेम्पो यांच्याकडून खेळले. २००५ ते २०१२ या अवधीत डेम्पोने देशाची लीग पाच वेळा जिंकली, आणि त्या वैभवात मधली फळी बांधून ठेवण्याचे काम त्यांचे होते. २००८ साली हैदराबादेत आशियाई चॅलेंज चषकात अफगाणिस्तानशी सामना गोलशून्य सुटणार असे दिसत असता, अगदी संपता संपता, लॉरेन्स यांनी गोल केला. पुढे अंतिम सामन्यात भारताने ताजिकिस्तानला ४–१ असे हरविले, सुनील छेत्री याने तीन गोल केले, आणि त्या विजयामुळे २०११ च्या आशियाई चषकाचे दार सत्तावीस वर्षांनी उघडले. लोकांच्या स्मरणात छेत्रीचे तीन गोल आहेत. लॉरेन्स यांचा तो एक गोलही पुष्कळांच्या स्मरणातून गेला. मधल्या फळीतील गड्याने गोल केला तरी तो विसरला जातो, मग न करणाऱ्याची कथा काय!

पण या नव्या धंद्याची जमीन भुसभुशीत निघाली. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० साली बंद झाला. आमच्या जिल्ह्यात २००७ साली निघालेला पुणे एफ.सी. २०१२–१३ च्या हंगामात देशात दुसरा आला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत मिटला. २०१४ साली नव्या लीगबरोबर निघालेला पुणे सिटी २०१९ मध्ये गेला. गोव्याचे डेम्पो आणि साळगावकर या दोघांनी २०१६ साली राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत, कारण तेथे खेळ पेठेचा आहे, कोणा एका धन्याचा नाही. तेथला अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकून २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तोही आघाडीचा खेळाडू.

आज जुन्नर-आंबेगावच्या एखाद्या मुलाने मधल्या फळीत खेळून पोट भरीन असे म्हटले, तर त्याच्या बापाला मी काय सांगावे? करार एका-दोन वर्षांचा, संघ राहील की नाही याची शाश्वती नाही, आणि त्याच्या कामाची मोजणी करणारे डोळे थोडे. हल्ली यंत्राने खेळाडू किती धावला, किती चेंडू बिनचूक दिले, किती हिसकावून घेतले, याची गणती होते. फ्रँको यांच्या वेळी तशी सोय असती तर जकार्ताच्या त्या कोऱ्या तासाचा हिशेब आपल्या हाती असता. बापाला मी एवढेच सांगेन की मुलाला एकदा सबंध सामना दाखवावा, आणि चेंडूकडे न पाहता मधल्या एका गड्याकडेच पाहावयास सांगावे. त्यानंतरही मुलाची इच्छा टिकली तर ती खरी.

फ्रँको १० मे २०२१ रोजी गोव्यात वारले. वय चौऱ्याऐंशी. त्याच वर्षी २४ ऑगस्टला कोची येथे चंद्रशेखर गेले. जकार्ताच्या अकरांतील, पहिल्या सात वर्षांच्या त्या यादीबाहेर राहिलेल्या चौघांपैकी दोघे असे साडेतीन महिन्यांच्या अंतराने गेले. दोघांच्याही मृत्युवार्तेत पहिले वाक्य एकच होते: १९६२ च्या सुवर्णपदक विजेत्या संघाचे सदस्य.